पाहुणे नसतानाचं बेट

आज आपण बसल्या जागी ग्रीस देशाला जाऊन येऊ. तिथे समुद्रात शेकडो बेटं आहेत. त्यातलं लेस्वोस हे एक मोठं बेट, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळचं. तिथला पर्यटनाचा हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. आपण मात्र डिसेंबरात जायचं, म्हणजे पाहुणे नसताना बेट कशावर जगतं ते दिसेल.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्री मोठी बोट सुटते. वारा फार वाढला तर बोट बंदरातच थांबवतात. म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यांनी एक-दोन दिवस जास्तीचे ठेवावेत. मितिलिनी हे बेटावरचं मुख्य शहर बाराही महिने चालू असतं. पण किनाऱ्यावरच्या लहान गावांत बरीच हॉटेलं आणि खाणावळी कुलूपबंद. थंडी, पाऊस, पाचच्या सुमारास अंधार.

मग बेट झोपलेलं असतं का? मुळीच नाही. हा ऑलिव्हच्या काढणीचा हंगाम. बेटावर ऑलिव्हची सुमारे 1 कोटी 10 लाख झाडं आहेत असं सांगतात. झाडाखाली जाळ्या अंथरायच्या, फांद्या काठीने झोडपायच्या, पडलेली फळं गोळा करून घाणीवर न्यायची. साधारण पाच किलो फळांतून एक लिटर तेल निघतं. घरातली सगळी माणसं या कामाला लागतात.

याच बेटावर, उत्तरेला, पेट्रा नावाचं गाव आहे. तिथल्या बायकांनी 1983 साली सहकारी संस्था काढली. गावातल्या बायकांनी मिळून पर्यटनासाठी काढलेली ग्रीसमधली ती पहिली संस्था. त्याआधी त्या शेतात राबत होत्या, घर सांभाळत होत्या, पण हातात स्वतःचा पैसा नव्हता. त्यांनी नवं हॉटेल बांधलं नाही. राहत्या घरातल्या खोल्या स्वच्छ करून पाहुण्यांना दिल्या. पुढे गावच्या चौकात खाणावळ काढली. मुरंबे आणि घरगुती पदार्थ करून विकायला लागल्या.

यातली शहाणपणाची गोष्ट हिवाळ्यातच कळते. पाहुणे गेले की हॉटेल बांधणाऱ्याच्या डोक्यावर कर्जाचे हप्ते उरतात. घरातली खोली मात्र पुन्हा घरच्यांच्या कामी येते. पर्यटन हा जोडधंदा. शेती सोडायची नाही, म्हणून पाहुण्यांविना सहा महिने निभतात.

आणखी एक गोष्ट. त्या भागातल्या बेटांवर मुलीला लग्नात घर देण्याची जुनी रीत होती. त्यामुळे पुष्कळ घरं बायकांची होती. हुंड्याची कायदेशीर पद्धत ग्रीसने त्याच 1983 साली रद्द केली, ते योग्यच झालं. पण घर स्वतःचं असल्यावर खोली भाड्याने द्यायला कुणाची परवानगी मागावी लागत नाही, हेही खरं.

मैत्रिणींनो, आपल्याकडेही कोकणात आणि इतरत्र घरगुती निवास आणि कृषी पर्यटन सुरू आहे. तुमच्या गटाला असं काही करावंसं वाटलं, तर पुढच्या बैठकीत तीन प्रश्न घ्या. पाहुणे नसतील त्या महिन्यांत पैसा कुठून येणार? कर्ज न काढता आहे त्या घरात किती जमेल? आणि घराच्या उताऱ्यावर नाव कुणाचं आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज घरी गेल्यावरच उतारा काढून बघा.