दातांना डॉक्टर मिळवून देणारे डॉ. अहमद

आज कुठल्याही तालुक्याच्या गावात डेंटल क्लिनिकची पाटी दिसते. नावापुढे बीडीएस किंवा एमडीएस ही अक्षरे असतात, आणि ती वाचून आपण बऱ्यापैकी निर्धास्तपणे त्या खुर्चीत आडवे होतो. आजोबांची कवळी, आईचे रूट कॅनॉल आणि नातवाच्या दुधाच्या दाढा एकाच डॉक्टरांनी सांभाळल्या, अशी घरेही पुष्कळ आहेत. पण दातांसाठी रीतसर शिकलेला डॉक्टर असतो आणि तो आपल्या घराचा ठरलेला असावा, ही सवय भारतात फार जुनी नाही. तिचा माग काढत गेले की वाट कोलकात्याला, डॉ. रफीउद्दीन अहमद यांच्यापाशी पोचते. २४ डिसेंबर १८९० ते ९ फेब्रुवारी १९६५ असे त्यांना चौऱ्याहत्तर वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांचा जन्मदिवस आता राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

पूर्व बंगालमधल्या बर्धनपारा गावी जन्मलेला हा मुलगा अलिगढला शिकला आणि १९०९ मध्ये अमेरिकेला गेला. त्या काळात परदेशी जाणारा हुशार तरुण बहुधा लंडन गाठून बॅरिस्टर व्हायचा, नाहीतर आयसीएसला बसायचा. अहमद यांनी आयोवा विद्यापीठात दंतवैद्यक निवडले आणि १९१५ मध्ये पदवी घेतली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते बोस्टनच्या फोर्सिथ इन्फर्मरीत काम करत राहिले. मुलांच्या दातांसाठी उभारलेली ही धर्मादाय संस्था तेव्हा नवीकोरी होती. दात दुखायला लागेपर्यंत न थांबता लहानपणापासूनच त्याची काळजी घ्यायची, हा विचार अहमद यांना तिथे रोजच्या कामात पाहायला मिळाला.

१९१९ मध्ये ते भारतात परतले तेव्हा इथले चित्र अगदी वेगळे होते. दाढ ठणकली की लवंगेचे तेल लावायचे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या; तरी थांबले नाही तर वैदू गाठायचा किंवा बाजारात पथारी मांडून बसलेल्या माणसाकडून दात उपटून घ्यायचा. कोलकात्यात हुबेई प्रांतातून आलेल्या चिनी कुटुंबांनी हा धंदा पुढे चांगलाच जम बसवून केला. त्यांच्यातले काही हाताने निष्णातही होते, पण ते कसब बापाकडून मुलाकडे जाई. पाश्चात्त्य देशांतही सारे आलबेल नव्हते. बाल्टिमोरला जगातले पहिले दंत महाविद्यालय १८४० मध्ये निघाले होते खरे, पण खुद्द ब्रिटनमध्ये नोंदणी नसलेल्यांना दातांचा धंदा करायला कायद्याने बंदी झाली ती १९२१ मध्ये. म्हणजे अहमद यांनी कामाला हात घातला तेव्हा राज्यकर्त्यांच्याही देशात हे घर अजून लागायचे होते.

१९२० मध्ये त्यांनी कलकत्ता डेंटल कॉलेज सुरू केले. भारतातले हे पहिले दंत महाविद्यालय. त्यासाठी सरकारने तिजोरी उघडली नाही. अहमद यांनी शहरात न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचे आइस्क्रीमचे दुकान काढले होते. त्याच्या उत्पन्नावर कॉलेज चालले. गोड खाऊ घालून दातांचे डॉक्टर घडवले, असा विनोद करण्याचा मोह कुणालाही होईल. पण त्यामागचा हिशेब साधा होता. मूठभर विद्यार्थ्यांच्या फीवर कॉलेज चालणार नव्हते, आणि अनुदान मागायचे तर जो पेशाच सरकारदरबारी अस्तित्वात नव्हता त्याच्यासाठी मागायचे. तेव्हा पैसा स्वतः मिळवायचा आणि कॉलेजात घालायचा, एवढाच मार्ग उरत होता.

सुरुवातीच्या त्या विद्यार्थ्यांतले एक नाव मुंबईकरांना ओळखीचे असेल : फातिमा जिना. कोलकात्यात शिकून त्या मुंबईला परतल्या आणि १९२३ मध्ये त्यांनी इथे स्वतःचा दवाखाना थाटला. शंभर वर्षांपूर्वी एका मुस्लिम तरुणीने मुंबईत स्वतंत्र दवाखाना चालवणे ही लहान गोष्ट नव्हती. १९२९ मध्ये वहिनी रत्तीबाईंचे निधन झाले आणि त्या दवाखाना बंद करून भाऊ बॅरिस्टर जिना यांच्या घरी राहायला गेल्या. पुढचा इतिहास राजकारणाचा आहे. १९३३ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय निघाले, पाठोपाठ १९३४ मध्ये लाहोरला एक निघाले. दातांचे शिक्षण कोलकात्यापुरते उरले नाही.

कॉलेज काढणारे अहमद एकटे नव्हते असे कुणी म्हणेल, पण त्यांचे वेगळेपण त्याच्या पुढे आहे. शिकवायला पाठ्यपुस्तक हवे म्हणून त्यांनी १९२८ मध्ये दात कोरणे, भरणे या शास्त्रावर विद्यार्थ्यांसाठी हस्तपुस्तिका लिहिली. व्यवसायातल्या लोकांनी एकमेकांशी बोलावे म्हणून १९२५ मध्ये बंगाल डेंटल असोसिएशन उभी केली. पुढच्या अखिल भारतीय संघटनेचा पाया तिथे पडला. त्याच वर्षी त्यांनी इंडियन डेंटल जर्नल सुरू केले आणि १९४६ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे, ते संपादित केले. ज्याने कधी नियतकालिक चालवले आहे त्याला एकवीस वर्षे म्हणजे काय ते सांगायला नको.

राहिला कायदा. त्यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये बंगालचा दंतवैद्य कायदा आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये साऱ्या देशासाठी कायदा झाला आणि पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद स्थापन झाली. या केंद्रीय कायद्यातली एक तरतूद शहाणपणाची होती. पदवी नसलेल्या, पण निदान पाच वर्षे याच कामावर पोट भरणाऱ्यांना त्याने एका फटक्यात रस्त्यावर आणले नाही. पदवीधरांसाठी नोंदवहीचा ‘अ’ भाग आणि या अनुभवी मंडळींसाठी ‘ब’ भाग अशी सोय केली. जुन्या पिढीचा घास न काढता नव्या पिढीला पदवीची अट घालता आली.

१९४९ मध्ये कॉलेज कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न झाले, आणि त्याच सुमारास अहमद यांनी ते पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकले. एकोणतीस वर्षे पदरमोड करून वाढवलेली संस्था त्यांनी घराण्याची मालमत्ता होऊ दिली नाही. फाळणीने त्यांचे जन्मगाव पाकिस्तानात गेले होते, ते मात्र कोलकात्यातच राहिले. कलकत्ता महापालिकेत त्यांनी पूर्वी काम केले होतेच. १९५० मध्ये ते डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात गेले आणि १९६२ पर्यंत मंत्री होते. शेती, सहकार, निर्वासितांचे मदतकार्य आणि पुनर्वसन अशी खाती त्यांच्याकडे होती. पूर्व बंगालमधून लोंढे येत असताना, त्याच मातीत जन्मलेल्या मुस्लिम डॉक्टरने त्या कामात भाग घेतला, ही नोंद दातांच्या इतिहासाबाहेरची असली तरी विसरू नये अशी आहे. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि दुसऱ्याच वर्षी ते गेले.

त्यांचे कॉलेज आज सियालदहजवळ आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यावर त्यांच्याच नावाने उभे आहे. अजूनही ते सरकारी आहे. देशात आता तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. त्यांतली बहुसंख्य खासगी आहेत, आणि खासगी जागेची फी भरताना मध्यमवर्गीय बापाची दमछाक होते. अहमद यांनी दुकानातून कमावले आणि शिक्षणात घातले. आपण शिक्षणाचेच दुकान केले. आपल्या घरच्या दंतवैद्याचा ज्यांना आदर वाटतो त्यांनी या मूळ पुरुषाचे नाव लक्षात ठेवावे, आणि शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांनी त्याचा हिशेब.