पडू दे, बघणारा आहे

संपादकांना हवा होता व्हॉट्सॲपवरचा लेख. २०१४ साली फेसबुकने ती कंपनी घेतली तेव्हा ४५ कोटी वापरकर्ते आणि जेमतेम तीसेक अभियंते हे गणित सगळीकडे चघळलं गेलं होतं. ते जमलं कसं, याचा माग काढत मी कागदोपत्री स्टॉकहोमला पोचलो, व्हॉट्सॲपने वापरलेल्या एर्लांग नावाच्या संगणकभाषेपाशी, आणि मूळ विषय तिथेच मागे पडला.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९८६च्या सुमारास एरिक्सन या स्वीडिश टेलिफोन कंपनीच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स टेलिफोन एक्स्चेंजसाठी बरी भाषा शोधत होते. प्रोलॉग या जुन्या भाषेवर खटपट करता करता त्यांची स्वतःचीच एक भाषा तयार झाली. तिला नाव मिळालं टेलिफोनच्या गर्दीचं गणित मांडणाऱ्या डॅनिश आग्नर क्रारुप एर्लांग यांचं. पुढे एरिक्सनच्या एका मोठ्या स्विचमध्ये एर्लांगच्या दहा लाखांहून जास्त ओळी चालत होत्या. तरीही १९९८च्या फेब्रुवारीत कंपनीच्या रेडिओ विभागाने नव्या कामांसाठी ही भाषा बंद केली. त्याच डिसेंबरात ती सर्वांसाठी खुली झाली आणि तिच्यावर काम करणारी बरीच मंडळी कंपनीबाहेर पडली. ज्याची किंमत घरात कळत नाही, त्याच्यासाठी हे बरंच झालं म्हणायचं.

एक्स्चेंजची अट सोपी, पण जाचक असते. हजारो लोक एकाच वेळी बोलताहेत, त्यातला एक कॉल बिघडला तर बाकीच्यांना पत्ता लागता कामा नये, आणि दुरुस्तीसाठीही यंत्र बंद करायचं नाही. म्हणून एर्लांगमध्ये प्रत्येक कामाला स्वतंत्र प्रोसेस मिळते. ती इतकी हलकी, काही किलोबाइटची, की साध्या लॅपटॉपवरही लाखभर प्रोसेस सहज उभ्या राहतात. प्रत्येकीची स्मृती वेगळी. दुसरीच्या स्मृतीत हात घालायची सोयच नाही, जे सांगायचं ते निरोप पाठवून. एकीने ठरावीक काम केलं की यंत्रणा तिला बाजूला करून दुसरीला पुढे घेते, त्यामुळे कोणी एकटी सगळं अडवून बसत नाही.

पण मला खिळवून ठेवलं ते ‘सुपरव्हायझर’ने. मी त्याला मुकादम म्हणणार. इतर भाषांत आपण पावलोपावली ‘असं झालं तर, तसं झालं तर’ लिहीत राहतो. एर्लांगचा रिवाज उलटा: काम करणारीने फक्त काम लिहावं, अनपेक्षित काही समोर आलं तर सरळ मरावं. तिच्या मरणाची खबर मुकादमाला पोचते आणि तो तिच्या जागी कोरी करकरीत दुसरी उभी करतो. मुकादम स्वतः काही काम करत नाही, म्हणूनच तो सहसा चुकतही नाही. हे चालतं, कारण चाचण्यांतून निसटलेल्या बऱ्याच चुका योगायोगाच्या असतात. दोन गोष्टी नेमक्या नको त्या क्रमाने घडलेल्या असतात, आणि नव्याने सुरुवात केली की तो योग पुन्हा जुळत नाही.

आणि चूक योगायोगाची नसेल तर? मुकादमाच्या सहनशक्तीला मर्यादा घातलेली असते. मुळात ठरवून दिलेलं प्रमाण आहे पाच सेकंदांत एक पुनर्जन्म. त्याहून जास्त वेळा मरण आलं तर तो आपल्या हाताखालच्या सगळ्यांना संपवतो, स्वतःही मरतो आणि प्रश्न वरच्या मुकादमाकडे जातो. असं चढत चढत सगळं यंत्रच बंद पडू शकतं. म्हणून आर्मस्ट्राँग सांगत की बिघाड सोसायचा तर किमान दोन संगणक हवेत. दुसऱ्या संगणकावरच्या प्रोसेसला निरोप धाडायची आणि तिच्यावर नजर ठेवायची रीतही तीच, शेजारणीची असते तशीच. मला तरी संगणकाच्या जगात इतकं शहाणं दुसरं काही चटकन आठवत नाही.

तेवढ्यात अडचणी पुढे आल्या. मेलेल्याची व्यवस्था चोख, पण आजारी पडलेल्याचं काय? प्रोसेसच्या निरोपांच्या पेटीला मुळात कमाल मर्यादा नाही. डेटाबेस मंदावला, निरोप साचले, तरी पाठवणारीला कोणी थांबवत नाही. मुकादमालाही काही दिसत नाही, कारण ती जिवंत आहे. उत्तराची वाट बघायची म्हटलं तर नेहमीची मुदत पाच सेकंद. ती संपली की वाट बघणारीच मरते. तिच्या जागी आलेली नवी तोच प्रश्न पुन्हा विचारते आणि पेटीत आणखी एक निरोप पडतो. आधीचा अर्थात अजून तिथेच असतो. शेवटी संगणकाचीच स्मृती संपली की एक प्रोसेस नव्हे, सगळ्याच एकदम जातात. यावर उपाय आहेत, पण ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आठवणीने करायचे.

दोन संगणकांचा तोडगाही स्वस्त नाही. मधली तार तुटली तर दोघेही जिवंत, पण प्रत्येकाच्या लेखी दुसरा मेलेला. दुसऱ्याकडून ठरावीक वेळाने येणारा ठोका चुकला हे कळायलाच साधारण मिनिटभर जातं. एर्लांगसोबत येणारा, व्हॉट्सॲपनेही वापरलेला, मनेशिया हा डेटाबेस अशा वेळी दोन्हीकडे नोंदी घेत राहू शकतो. तार पुन्हा जुळल्यावर दोन्ही बाजूंच्या नोंदी तो आपणहून एकत्र करत नाही, विसंगती आहे एवढंच कळवतो. कोणती बाजू खरी धरायची हे माणसाने सांगायचं. मग दुसरी बाजू नव्याने सुरू होते, आणि मधल्या काळात तिथे लिहिलेलं आधी कोणी वेगळं काढून ठेवलं नसेल तर ते जातं.