करुणा आणि तक्रार : पंडिता रमाबाईंचे १८९७ साल

पुण्याहून पूर्वेस दौंडच्या लोहमार्गाने गेले की केडगाव लागते, आणि पुणे जिल्ह्यात अनाथ व परित्यक्त मुलींच्या कैवाराचा जो आरंभ झाला त्याचा मागोवा घेताना पंडिता रमाबाईंच्या आश्रमापाशी थांबावेच लागते.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तो कोणाच्या अंकित होण्यासाठी नव्हे. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात धर्मगुरूंचा अधिकार आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांचा झगडा पानोपानी आढळतो. पुढे १८८९ साली मुंबईत स्थापन केलेले शारदा सदन हे विधवांचे निवासी विद्यालय पुण्यास आल्यावर, १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पण बाईंनी सदन बंद केले नाही.

१८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आईवडील आणि थोरली बहीण ज्यांनी उपासमारीत गमावली होती, त्या रमाबाई तेथे स्वतः गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग पसरल्यामुळे नव्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारी मनाई होती, म्हणून केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय करावी लागली. ‘मुक्ती’ आश्रमाचा पाया असा अडचणीतच घातला गेला. तेथे अक्षरओळखीबरोबर विणकाम, शेती व छापखान्यातील खिळे जुळवणे या मुली शिकल्या, आणि कोणाच्याही दारी हात न पसरता पोट भरता यावे, हा त्यामागचा हेतू होता.

परंतु १८९७ सालातील त्यांची सर्वांत धैर्याची कृती मला निराळीच वाटते. पुण्याचे प्लेग अधिकारी रँडसाहेब यांच्या अमदानीत गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेत होते आणि संशयितांना प्लेगच्या रुग्णालयात नेले जात होते. सदनातील एका मुलीची तेथे जी परवड झाली ती पाहून रमाबाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात नावानिशी तक्रार छापली, व तेथील स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण सरकारला करता येत नाही, असे तीत उघडपणे मांडले. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेले. सरकारने आरोप नाकारला. राज्यकर्ते स्वधर्मीय, आश्रमाला मदत करणारे बहुसंख्य परदेशीय, स्वकीयांत आधीच अप्रियता, अशा स्थितीत मौन धरणे हेच सोयीचे होते. पण निराश्रितांना अन्न देणारी करुणा त्यांच्यावर अन्याय करणाऱ्या अमलदारापुढे गप्प बसली, तर तिला ख्रिस्ताची करुणा कसे म्हणावे, हा प्रश्न त्या पत्राच्या मुळाशी मला दिसतो.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून त्यांनी सिद्ध केलेला मराठी बायबलचा अनुवाद आश्रमातील स्त्रियांच्याच हातून छापला गेला. त्यांच्या विद्वत्तेचा आणि सेवेचा गौरव आपण करतो. प्लेगच्या त्या पत्राचे प्रकरणही आपल्या शाळांतून मुलींना सविस्तर शिकवले जावे, अशी वाचकांना व शिक्षकांना माझी विनंती आहे.