यंदाचा रंग, घरचा उजेड

डिसेंबर 2024 मध्ये पॅन्टोन या अमेरिकी कंपनीने येत्या वर्षाचा रंग जाहीर केला तो ‘मोका मूस’, म्हणजे दुधाच्या कॉफीकडे झुकणारा तपकिरी. वर्षभराने त्याच कंपनीने 2026 साठी ‘क्लाउड डान्सर’ निवडला. हा जवळजवळ पांढराच. 2000 सालच्या ‘सेरूलियन’ निळ्यापासून चालत आलेल्या या निवडीत पांढऱ्याला मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. पॅन्टोन स्वतः भिंतीचे रंग बनवणारी कंपनी नव्हे. 1963 मध्ये छपाईसाठी रंगांना क्रमांक देण्याच्या पद्धतीमुळे तिचे नाव झाले. तरीही तिच्या घोषणेचे पडसाद कपड्यांपासून पडद्यांपर्यंत उमटतात.

प्रत्यक्ष रंग विकणाऱ्या कंपन्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. ड्युलक्सने 2025 साठी ‘ट्रू जॉय’ हा झळझळीत पिवळा पुढे केला आणि 2026 साठी तीन निळे. बेंजामिन मूरने 2026 साठी गडद कोळशी तपकिरी निवडला, तर शेर्विन-विल्यम्सने खाकी. 1942 मध्ये मुंबईत सुरू झालेली एशियन पेंट्सही दोन दशकांहून अधिक काळ ‘कलरनेक्स्ट’ या नावाने भारतासाठी असा अंदाज मांडते. तिचा 2024 चा रंग होता मातकट ‘टेरा’ आणि 2025 चा ‘कार्डिनल’, वाइनच्या छटेचा गडद लाल.

नावे आणि ड्युलक्सचे निळे बाजूला ठेवले तर या यादीत एक समान धागा दिसतो. 2010 नंतरच्या दशकात घराघरांत शिरलेला करडा रंग मागे पडतो आहे आणि उबदार छटा पुढे येत आहेत. करड्याची लाट केवळ भिंतींपुरती नव्हती. ब्रिटनच्या सायन्स म्युझियम ग्रुपने 2020 मध्ये आपल्या संग्रहातील सुमारे 7000 वस्तूंची छायाचित्रे संगणकाकडून तपासून घेतली, तेव्हा 1800 पासून आजपर्यंत वस्तूंमधले करड्या छटांचे प्रमाण वाढत गेल्याचे आढळले. लाकूड मागे पडले, धातू आणि प्लास्टिक आले, हे त्याचे एक कारण.

विटकरी, गेरू, हळदी पिवळा, खाकी या छटांना टिकाऊपणाचा भक्कम आधार आहे. त्यांच्या मुळाशी असतात लोखंडाची ऑक्साइडे. लाल मातीत, गेरूत आणि पिवडीत हीच रंगद्रव्ये नैसर्गिक रूपात सापडतात आणि रंगाच्या दुकानातल्या टिंटिंग मशीनमध्ये ती कारखान्यात बनवलेल्या रूपात भरलेली असतात. ही ऑक्साइडे उन्हाने सहसा फिकी पडत नाहीत. गोवा आणि कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर देऊन कोरलेली ‘कावी’ नक्षी अजून दिसते. वारली घरांतही गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे उमटतात.

मात्र शेड कार्डावर पाहिलेली छटा घरात तशीच दिसेल याची खात्री कुणालाच देता येत नाही. भिंत किती उजेड परतवते ते मोजण्यासाठी उद्योगात 0 ते 100 अशी पट्टी वापरतात. पूर्ण काळा 0, आदर्श पांढरा 100. चांगला पांढरा 80 च्या वर जातो आणि गडद वाइन रंग 10 च्या आसपास किंवा खाली राहतो. बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर समोरच शेजारची इमारत असेल, तर हा फरक दिवसाढवळ्या दिवा लावण्याइतका मोठा ठरतो.

खिडकीची दिशा हा दुसरा मुद्दा. युरोप-अमेरिकेतली पुस्तके सांगतात, की उत्तरेच्या खोलीत थेट ऊन येत नाही, उजेड थंड निळसर असतो, म्हणून तिथे उबदार रंग द्या. मुंबई सुमारे 19 अक्षांशावर आणि पुणे साडेअठरावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ज्या महिन्यांत उत्तरेच्या खिडकीला सर्वाधिक ऊन मिळायचे, त्यातले बरेचसे दिवस पावसाळी ढगांखाली जातात. त्या पसरट उजेडात करड्या भिंती अधिकच मलूल दिसतात. पश्चिमेच्या खोलीत उलट घडते. तिथे उतरत्या नारिंगी उन्हात विटकरी रंग भडक वाटू लागतो.

संध्याकाळ दिव्यांची. आपल्याकडे अजूनही अनेक घरांत 6500 केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी असतो. त्याखाली बेज छटा निस्तेज होतात आणि करड्यात निळेपणा उतरतो. 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तोच बेज मऊ आणि उबदार दिसतो. रंग निवडण्याआधी दिवे ठरवले, तर पुढचा बराच पश्चात्ताप वाचतो.

भिंती, छत, दारे आणि चौकटी एकाच रंगात बुडवण्याची ‘कलर ड्रेंचिंग’ ही पद्धत सध्या जोरात आहे. छत आणि भिंत यांची सीमारेषा पुसली गेल्याने लहान खोली एकसंध वाटते. मात्र गडद रंगाच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात रंगद्रव्ये मिसळतात त्या मूळ मिश्रणात, झाकण्याची ताकद देणारे टिटॅनियम डायऑक्साइड कमी असते. लाल आणि पिवळ्याच्या काही छटा तर दोन हातांत भिंत झाकत नाहीत. तिसरा, कधी चौथा हात लागतो. अनुभवी रंगारी आधी त्याच छटेच्या जवळचा प्रायमर मारून घेतात. गडद भिंतीवर ओरखडा किंवा पुसल्याची खूणही लवकर उठून दिसते.

‘लाइमवॉश’ ही दुसरी लाट. चुना भिजवून, गाळून, त्यात डिंक आणि पिवळेपणा मारण्यासाठी थोडी नीळ घालून दिवाळीआधी भिंती पांढऱ्या करण्याची रीत महाराष्ट्राला परकी नाही. भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो, म्हणून तो दगडासारखा घट्ट होतो. त्यातून ओल बाहेर पडू शकते आणि क्षारधर्मामुळे बुरशीला सहज थारा मिळत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात हा गुण फार मोलाचा. पण प्लास्टिक पेंट मारलेल्या भिंतीवर खरा चुना धरत नाही, आणि लाइमवॉश नावाने मिळणारे सगळेच डबे चुन्याचे नसतात. काहींचा आधार ॲक्रिलिकचा असतो. डब्यावरचे घटक वाचूनच पैसे मोजावेत. भिंतीतून ओल येत असेल, खार फुटून पोपडे निघत असतील, तर कोणताही रंग देण्याआधी गळती शोधावी लागते.

लहान मुलांच्या खोलीसाठी आणखी एक गोष्ट पाहायला हवी. 1 नोव्हेंबर 2017 पासून भारतात घरगुती रंगात शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. जुन्या दारा-खिडक्यांवरचा ऑइल पेंट मात्र त्याआधीचा असू शकतो. तो कोरडा घासला की शिशाची धूळ उडण्याचा धोका असतो. म्हणून पृष्ठभाग ओला करून घासावा आणि त्या दिवसांत मुलांना दूर ठेवावे.

अंतिम निवडीसाठी छोटा नमुना डबा आणून दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर दोन हात मारावेत. तो पुठ्ठा खिडकीसमोर, कोपऱ्यात, सकाळी, दुपारी आणि ट्यूबलाइटखाली ठेवून पाहावा. मशीनमधून वेगवेगळ्या वेळी मिसळलेल्या डब्यांत किंचित फरक पडतो, म्हणून एका खोलीचा सगळा रंग एकदाच मागवून मोठ्या बादलीत एकत्र ढवळावा. डब्यावरचा शेड क्रमांक आणि बेसचे नाव बिलासोबत जपून ठेवले, तर पुढे भिंतीवर एखादा डाग पडल्यास दुकानदाराला तीच छटा पुन्हा बनवता येते.