सरहद्दीवरच्या चवीचा अस्सलपणा

नाचोजचा जन्म मेक्सिकोच्या कुठल्या प्राचीन स्वयंपाकघरात झालेला नाही. १९४० च्या दशकात, मेक्सिको आणि अमेरिकेच्या अगदी सीमेवर वसलेल्या पिएद्रास नेग्रास या गावात तो झाला. नदी ओलांडली की पलीकडे टेक्सासमधलं ईगल पास. तिथल्या लष्करी तळावरच्या अधिकाऱ्यांच्या बायका अलीकडे खरेदीला आल्या आणि भुकेल्या पोटी एका हॉटेलात शिरल्या. आचारी जागेवर नव्हता. तेव्हा इग्नासिओ अनाया या कर्मचाऱ्यानं हाताशी होतं त्यातून काम भागवलं. मक्याच्या टॉर्टियाचे तुकडे तळले, वर चीज किसलं, हालापेन्यो मिरचीच्या चकत्या ठेवल्या आणि सगळं भट्टीत गरम करून पुढे केलं. इग्नासिओ नावाच्या माणसाला मेक्सिकोत लाडानं नाचो म्हणतात. पदार्थाला तेच नाव चिकटलं.

आज हाच पदार्थ आपल्याकडे मल्टिप्लेक्सच्या काउंटरवर मिळतो. टाको बेलनं भारतातलं पहिलं दुकान २०१० साली बंगळुरूत उघडलं. त्याच शहरात २०१२ मध्ये बर्ट म्युलर या अमेरिकी तरुणानं कॅलिफोर्निया बरिटो सुरू केलं. मोठ्या शहरात रुजलेलं खाणं पुढे मध्यम शहरांत उतरतं, हे पिझ्झाच्या आणि चायनीजच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गोंदियासारख्या जिल्ह्याच्या गावी असं नवं हॉटेल उघडलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे ओरिजिनल मेक्सिकन आहे का?

प्रश्न रास्त आहे, पण तो चुकीच्या गावाला विचारला जातो. चीजनं माखलेले नाचोज, गव्हाच्या टॉर्टियातला फाहिता, जिऱ्याच्या वासाची दाट लाल ग्रेव्ही, कुरकुरीत टाको यांतलं बहुतेक सगळं मेक्सिको सिटीतलं नाही, सीमाभागातलं आणि त्याच्या उत्तरेचं आहे. त्याला टेक्स-मेक्स म्हणतात. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता. मग काही वर्षं तो स्वतंत्र देश म्हणून राहिला, १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झाला, आणि १८४८ च्या तहानं रिओ ग्रांदे नदी ही दोन देशांमधली सीमा ठरली. राज्यकर्ते बदलले, नकाशे बदलले. नदीकाठची घरं मात्र तिथेच राहिली आणि त्यांच्या चुलीही. या घरांच्या भोवती गुरांची मोठमोठी कुरणं होती, म्हणून ताटात गोमांस आलं. गहू पिकत होता, म्हणून मक्याच्या जोडीला गव्हाची टॉर्टिया आली. अमेरिकी दुकानांत पिवळं चेडर चीज मिळत होतं, तेही आलं. जिऱ्याचा सढळ वापर हा तर टेक्स-मेक्सचा खास गुण. १७३१ मध्ये सॅन अँटोनिओत येऊन वसलेल्या कॅनरी बेटांवरच्या कुटुंबांनी ती सवय आणली, असं काही अभ्यासक मानतात.

या खाण्याला गावभर नेलं ते बायकांनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनिओच्या चौकांत संध्याकाळी कंदील लागायचे, चुली पेटायच्या आणि मेक्सिकन वंशाच्या बायका मांस व मिरचीचा रस्सा विकायला बसायच्या. लोक त्यांना चिली क्वीन्स म्हणत. रेल्वेनं येणारा प्रवासी हा रस्सा खाल्ल्याशिवाय गाव सोडत नसे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आरोग्यविषयक नियमांवर बोट ठेवून त्यांचा हा बाजार उठवण्यात आला. ज्या पदार्थाला टेक्सासनं १९७७ मध्ये राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून मान दिला, तो ‘चिली’ लोकप्रिय करणाऱ्या या बायकांपैकी फार थोड्यांची नावं कागदावर उरली आहेत. खाण्याच्या इतिहासात असा अन्याय वारंवार झालेला दिसतो.

चिली क्वीन्सच्या भरभराटीच्या काळातच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विल्यम गेब्हार्ट या जर्मन स्थलांतरितानं न्यू ब्राउनफेल्समध्ये वाळवलेली मिरची दळून चिली पावडर बाटलीत भरायला सुरुवात केली. ताज्या मिरचीचा हंगाम सरला तरी चव वर्षभर मिळू लागली. ही पावडर म्हणजे नुसतं तिखट नव्हे. तिच्यात मिरचीबरोबर जिरं आणि ओरेगानो असतो; तो एक मसालाच आहे. आपल्याकडचे आचारी त्या जागी लाल तिखट घालतात आणि ग्रेव्ही जाळ होते, त्याचं कारण हेच.

टेक्स-मेक्स हे नावसुद्धा आधी एका रेल्वेचं होतं. टेक्सास मेक्सिकन रेल्वेची सनद १८७५ ची. कॉर्पस क्रिस्टीहून सीमेवरच्या लारेडोला जाणारा तो नॅरोगेज मार्ग होता. जबलपूरच्या नॅरोगेज गाडीनं घाट चढलेल्या गोंदियाकरांना अशा लहानशा रुळांवरून दोन मुलखांचा किती माल आणि किती चवी ये-जा करतात, हे वेगळं सांगायला नको. आता जबलपूरचा तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे.

१९७२ मध्ये डायना केनेडी यांचं ‘द क्विझिन्स ऑफ मेक्सिको’ हे पुस्तक आलं. मूळच्या ब्रिटिश असलेल्या केनेडी यांनी मेक्सिकोच्या खेड्यापाड्यांत फिरून पाककृती जमवल्या आणि अमेरिकेत मेक्सिकन म्हणून खपणारं खाणं वेगळं आहे, हे ठणकावून सांगितलं. त्यांनी मेक्सिकोवर मोठे उपकार केले. पुढे २०१० मध्ये युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यामागे अशा अनेकांची मेहनत होती. पण केनेडींच्या मांडणीचा एक परिणाम असाही झाला की टेक्स-मेक्स म्हणजे भेसळ, असा समज पसरला. नदीच्या उत्तरेला पिढ्यान्‌पिढ्या हेच जेवण रांधणाऱ्या घरांना तो लागला. त्यांच्यासाठी ती कुणाची नक्कल नव्हती, आजीच्या हातची चव होती.

गोंदियाच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात होता. मग तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. दुसऱ्याच वर्षी शेजारी छत्तीसगड राज्य तयार झालं. आज बाघ नदीपलीकडे बालाघाट आणि पूर्वेला राजनांदगाव आहे. पोवारी बोली दोन्हीकडे ऐकू येते. तांदळाचा चिला दोन्हीकडे होतो. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खायची पद्धत छत्तीसगडात बोरे-बासी म्हणून ओळखली जाते. तिथल्या सरकारनं २०२२ च्या कामगार दिनी ती गाजावाजा करून साजरी केली. झाडीपट्टीतल्या शेतकऱ्यालाही ती न्याहारी नवी नाही. चिन्नोर या सुवासिक तांदळाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि भंडाऱ्याच्या चिनोरलाही स्वतंत्र मानांकन आहे. यातला कुठला खरा, असं विचारलं तर दोन्हीकडचे शेतकरी आपापल्या बांधीकडे बोट दाखवतील, आणि दोघंही खरं बोलत असतील.

अस्सलपणाचा वाद विदर्भात सर्वांत जोरात चालतो तो सावजीवरून. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं हे जेवण. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलनं या शहराला कापडाचं केंद्र बनवलं. हातमाग आणि गिरण्यांचा काळ ओसरला तेव्हा अनेक विणकर कुटुंबांनी घरच्या रश्शाच्या खानावळी काढल्या. काळपट तवंगाचा तो रस्सा, जवसाचं तेल, दगडफूल, खसखस, सुंठ आणि घाम फोडणारा तिखटपणा लोकांना इतका भावला की आता सावजी नावाच्या पाट्या गोंदियापासून पुण्यापर्यंत दिसतात. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी नुसतं तिखट वाढवून रस्सा काळा केलेला असतो. खवय्याला पहिल्या घासात फरक कळतो. तिखट जिभेवरच थांबतं. सावजीचा मसाला भाजून, वाटून, तेल सुटेपर्यंत परतलेला असतो, त्याची चव घास गिळल्यावरही मागे राहते. मालक कोष्टी आहे की नाही, यापेक्षा मसाला रोजच्या रोज वाटला जातो की नाही, यावर सावजी ठरतं.

हीच कसोटी टेक्स-मेक्सला लावावी. जिन्नस कुठून आला याला महत्त्व आहेच, पण कृती पाळली का, हे त्याहून मोठं. त्या कृतीच्या मुळाशी आहे चुना. होय, पानठेल्यावर असतो तोच जिन्नस. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षांपासून मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग ओलाच वाटतात. चुन्यानं मक्याचं साल सुटतं आणि पिठाला चिकटपणा येतो. आपल्याकडच्या मक्याच्या कोरड्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात. चुन्यातल्या मक्याचं पीठ, म्हणजे मासा, पातळ लाटलं तरी अखंड राहतं, दुमडलं तरी तुटत नाही. त्याचा वासही निराळा, ओल्या मातीच्या जवळ जाणारा.

या रीतीचा फायदा चवीपुरता नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला नीट मिळत नाही, चुन्यामुळे ते मोकळं होतं. युरोपनं अमेरिकेतून मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. परिणामी मक्यावरच जगणाऱ्या उत्तर इटलीतल्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. त्वचा सोलवटायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत त्यानं हजारो जीव घेतले. मेक्सिकोतल्या बायकांनी जे ज्ञान चुलीपाशी जपलं होतं, त्याची किंमत जगाला अशी मोजावी लागली.

बाकीच्या गोष्टींत मोकळीक घ्यायला जागा आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा लागू आहे, त्यामुळे इथला चिली मटणाच्या खिम्याचा किंवा कोंबडीचा होणार. जिरं, ओरेगानो आणि मुरलेल्या मिरचीचा तोल साधला तर त्यात काही बिघडत नाही. राजमा इथे मुबलक आहे. टोमॅटो आणि जिरं घालून शिजवलेला लाल भात टेक्स-मेक्सच्या थाळीत हवाच, आणि भाताच्या बाबतीत गोंदियाला कुणी शिकवायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेला एचएमटी तांदूळ या थाळीत शोभून दिसेल.

अशी देवाणघेवाण आधीही झालेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात गेलेल्या पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन मुलींशी लग्नं केली. त्यांच्याच समाजातल्या एका कुटुंबाचं युबा सिटीत १९५४ ते १९९३ पर्यंत एल रँचेरो नावाचं हॉटेल होतं, तिथे टॉर्टियाऐवजी पोळीत केलेला केसाडिया मिळायचा. मुंबईत १९७५ मध्ये नेल्सन वांग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मांचुरियन पहिल्यांदा केलं. चीनमध्ये तो पदार्थ कुणी ओळखणार नाही, पण आपल्या गल्लीतल्या गाडीवर त्याची एक पक्की चव ठरलेली आहे आणि ती बिघडली तर गिऱ्हाईक लगेच बोलतं. दोन्ही पदार्थ हवेतून आले नाहीत. ठरावीक माणसांनी, ठरावीक गरजेपोटी, हाताशी असलेल्या जिनसांतून ते घडवले. मेयोनीज आणि टोमॅटो केचप भरलेल्या तयार पोळीला टाको म्हणून विकताना नेमकं तेच हरवतं, कारण त्यामागे ना टेक्सासचं घर असतं, ना झाडीपट्टीचं.

इथल्या हॉटेलवाल्याला सामानासाठी फार लांब जायला नको. मक्यासाठी ओळखला जाणारा छिंदवाडा जिल्हा सातपुड्यात शेजारीच आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली भिवापुरी मिरची नागपूर जिल्ह्यातली. खाण्याचा शुद्ध चुना मिळतो, आणि इडलीचं पीठ वाटणारं ग्राइंडर चुन्यात मुरलेला मकाही वाटू शकतं. हे जमायला हात बसावा लागेल, मका नीट धुतला नाही तर पीठ कडू लागेल, पहिल्या काही खेपा वाया जातील. तेवढी तयारी ज्याची आहे त्याच्याकडे जाताना गिऱ्हाइकानं दोनच गोष्टी विचाराव्यात: टॉर्टिया इथेच करता का, आणि मका आदल्या रात्री भिजत घातला होता का?