छातीचा पिंजरा

पोहण्याच्या वेळी सारी मुले सदरे काढून पाण्यात उड्या टाकतात. एखादा मुलगा मात्र काठावरच बसून राहतो. त्याला पाण्याचे भय नसते. त्याच्या छातीच्या मध्यभागी वाटीएवढा खळगा असतो, आणि तो कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून तो खांदे पुढे ओढून, पोक काढून वावरतो. दुसऱ्या एखाद्याची छाती याच्या उलट, पक्ष्याच्या उराप्रमाणे पुढे आलेली असते. ही दोन्ही व्यंगे मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळतात आणि उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात ठळक होतात. त्यात मुलाचा किंवा त्याच्या आईबापांचा काही दोष नसतो.

बरगड्या व छातीचे मधले हाड यांच्यामध्ये कूर्चेचे दुवे असतात. कानाचा वरचा भाग चाचपून पाहिला असता जी लवचीक वस्तू बोटांस लागते, तीच कूर्चा. या दुव्यांची वाढ वेडीवाकडी झाली, की मधले हाड आत ओढले जाते किंवा पुढे ढकलले जाते, असे मानतात. खळगा फारच खोल असला तर हृदय डावीकडे सरकते व धावताना लवकर दम लागतो.

1949 साली अमेरिकेतील शल्यविशारद मार्क रॅव्हिच यांनी सदोष कूर्चा कापून काढून हाड सरळ करण्याची रीत मांडली. पुढे कित्येक वर्षे तीच रूढ होती. नॉरफोक येथील डॉनल्ड नस यांना मात्र वेगळा विचार सुचला. मुलांची छाती लवचीक असते. एवढेच काय, फुप्फुसांच्या जुनाट विकाराने प्रौढांची छातीही पिंपासारखी होते. जे वाकते ते कापावे कशाला? 1987 साली त्यांनी बाक दिलेली चपटी पोलादी कांब बगलेखालून आत सरकवली आणि मग उलटी फिरवून हाड वर उचलले. 42 रुग्णांवरील आपला दहा वर्षांचा अनुभव त्यांनी 1998 साली प्रसिद्ध केला. ही कांब बहुधा दोन ते चार वर्षांनी काढून टाकतात.

पुढे आलेल्या छातीवर हेच तत्त्व बाहेरून लागू पडते. पुढे व मागे गादी असलेला पट्टा दिवसाचे पुष्कळ तास बांधून ठेवला, तर महिन्यामहिन्यांनी हाड मागे सरते आणि अनेकांस शस्त्रक्रिया लागतच नाही. पट्टा कंटाळून लवकर सोडला, की छाती पुन्हा पुढे येऊ लागते. ब्राझीलमधील अस्थितज्ज्ञ सिडनी हाजे यांनी या पट्ट्यास व्यायामाची जोड दिली.

केवळ व्यायामाने खोल गेलेले हाड वर येत नाही. तशी ग्वाही देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. परंतु पाठीच्या व खांद्यांच्या स्नायूंस बळ आले, की वर्षानुवर्षांचे पोक जाते, आणि हे काम कोणतीही शस्त्रक्रिया करीत नाही. शस्त्रक्रियेनंतर तर दीर्घ श्वसन पहिल्या दिवसांपासूनच करावयाचे असते. दुखते म्हणून मुले उथळ श्वास घेतात आणि फुप्फुसे पुरती फुलत नाहीत. आरंभीचे काही आठवडे वाकणे, वळणे व ओझे उचलणे वर्ज्य असते. पुढे डॉक्टरांच्या अनुमतीने, छातीत कांब असतानाही, पोहण्यास आरंभ करता येतो.