चाळीसगाव परिसरात परसातील अनंत पिवळा का पडतो?

उटी, दार्जिलिंगकडे सहलीस जाऊन आलेल्या मंडळींना तेथील अझेलियाच्या झुडुपांची भुरळ पडते. बारमाही हिरवे, बुटके आणि हंगामात पान दिसू नये इतके फुलणारे हे झुडूप आपल्या दारी असावे असे वाटणे साहजिक आहे. परंतु अझेलियास थंड हवा आणि ४.५ ते ६ सामूची आम्लधर्मी माती लागते. चाळीसगावला यांपैकी काहीच नाही. शिवाय त्याचा पाला शेळ्या-मेंढ्यांना विषारी असतो. तेव्हा त्या वाटेस न गेलेले बरे.

मातीच्या बाबतीत जवळजवळ तशाच आवडीनिवडीचे एक सदाहरित झुडूप मात्र आपल्या परसात पूर्वापार आहे, ते म्हणजे अनंत. हे कॉफीच्या कुळातील झाड. मुळांना ओल आणि दुपारी सावली मिळाली तर आपला उन्हाळा ते काढते. तरीही अनंताविषयी तक्रार नेहमीचीच असते. रोपवाटिकेतून आणलेले रोप वर्षभर छान राहते, नंतर शेंड्याची पाने पिवळी पडतात, कळ्या येतात पण गळून जातात आणि तीन-चार वर्षांत झाड संपते. मग दुसरे रोप आणले जाते व त्याचीही तीच गत होते.

रोग नव्हे, लोहाची उपासमार

भुईमुगावर किंवा उसावर पडणारा केवडा आपण पाहिला असेलच. अनंताचे दुखणेही तेच आहे. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले की लोहाची कमतरता समजावी. नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पाने सारखी पिवळी होतात. जुन्या पानांतील काही पाने हंगामात पिवळी होऊन गळणे हे मात्र स्वाभाविक आहे, त्याची काळजी करू नये.

आपल्या काळ्या जमिनीत लोह नाही असे नाही. ही जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली असून त्यात लोह भरपूर असते. परंतु मुक्त चुना जास्त आणि सामू ८ च्या आसपास असला की ते लोह विरघळत नाही व मुळांना घेता येत नाही. घरात धान्य आहे पण कणगीला कुलूप, तसा हा प्रकार. अशा वेळी झाड अशक्त दिसते म्हणून डीएपी टाकले तर जादा स्फुरदामुळे लोह आणखी अडते. चुलीतली राख टाकणे तर त्याहून वाईट, कारण राख स्वतःच विम्लधर्मी असते.

आपल्या मातीत चुना आहे का हे घरीच पाहता येते. कोरड्या मातीच्या ढेकळावर थोडे व्हिनेगर टाकावे. ते फसफसले तर मुक्त चुना भरपूर आहे असे समजावे. न फसफसल्यास मात्र तेवढ्यावर विसंबू नये, माती परीक्षण करून घ्यावे. नव्या घराच्या भिंतीलगतची माती तर मुद्दाम तपासावी. तेथे पायाभरणीतले सिमेंट, चुना व विटांचे तुकडे गाडलेले असतात आणि हौसेने दारापुढे लावलेला अनंत नेमका त्यातच वाढत असतो.

खड्डा की कुंडी?

जमिनीत गंधक घालून सामू उतरवावा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुनखडीच्या जमिनीस का लागू पडत नाही, हे हिशेबाने पाहा. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात सुमारे २८० किलो माती असते. तीत ५ टक्के चुना धरला तर तो १४ किलो झाला. तेवढा चुना संपविण्यास साधारण साडेचार किलो गंधक लागेल. एका फुलझाडासाठी एवढे गंधक कोणी घालणार नाही, आणि घातले तरी भोवतालच्या मातीतून व पाण्यातून चुना पुन्हा येतच राहील.

म्हणून चाळीसगावकडे अनंत कुंडीतच लावावा असे आमचे स्पष्ट मत आहे. निदान १४ ते १६ इंच तोंडाची, बुडाशी भोके असलेली कुंडी घ्यावी. दोन भाग चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत, एक भाग धुतलेला कोकोपीट आणि एक भाग कोकणातील लाल जांभी माती असे मिश्रण भरावे. सातमाळ्याच्या पायथ्याची तांबूस मुरमाड माती यासाठी चालेल असे धरून चालू नये, रंगावरून सामू ठरत नाही. पालापाचोळा आपल्याच आवारातील कुजवावा. पाटणादेवीच्या रानातून आणू नये, ते गौताळा अभयारण्याचे क्षेत्र आहे.

कुंडी पूर्वेस ठेवावी. सकाळचे ऊन मिळावे आणि दुपारी भिंतीची सावली पडावी. एप्रिल-मे मधील उष्ण वारे व अनियमित पाणी ही कळीगळीची मोठी कारणे आहेत.

खरी गोम पाण्यात

माती बदलूनही झाड वर्ष-दोन वर्षांत पुन्हा पिवळे पडते, याचे कारण पाणी. बोअरचे पाणी तापविल्यावर भांड्याला पांढरा थर बसत असेल किंवा ठिबकची भोके बुजत असतील, तर तोच चुना आपण रोज कुंडीत ओतत असतो.

यावर पावसाच्या पाण्याइतका स्वस्त उपाय नाही. १ चौरस मीटर छपरावर १ मि.मी. पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. म्हणजे २० चौरस मीटर पत्र्यावरून २५ मि.मी.च्या एका पावसात ५०० लिटर पाणी येईल. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे. नंतरचे पिंपात साठवून तोंड कापडाने घट्ट बांधावे, अन्यथा डासांची पैदास होते. रोज २ लिटरप्रमाणे २०० लिटरचे पिंप एका कुंडीस सुमारे १०० दिवस पुरते. ते फेब्रुवारीनंतरच्या कळीच्या काळासाठी राखून ठेवावे. पिंप संपल्यास बादलीभर बोअरच्या पाण्यात एका लिंबाचा रस मिसळावा. चुना पूर्ण जात नाही, पण त्रास कमी होतो.

पिवळ्या पडलेल्या झाडास लगेच आधार द्यायचा तर १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळून संध्याकाळी फवारावे व १० ते १५ दिवसांनी पुन्हा फवारावे. फवारा भिंतीवर किंवा फरशीवर उडू देऊ नये, तांबडे डाग पडतात. चिलेटेड लोह घेताना पुड्यावरील अक्षरे वाचावीत. ईडीटीए प्रकारचे लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ते फवारणीपुरतेच वापरावे. मातीतून द्यायचे असेल तर ईडीडीएचए प्रकारचे घ्यावे. ते महाग असते, पण थोडे लागते. नत्रासाठी वाढीच्या काळात महिन्यातून एकदा चमचाभर अमोनियम सल्फेट पाण्यात विरघळून ओल्या मातीत द्यावे.

छाटणी बहर संपताच करावी. उशिरा केलेल्या छाटणीत पुढील कळ्यांच्या फांद्याच जातात. छाटलेल्या निरोगी अर्धपक्व फांद्या टाकून न देता पावसाळ्यात त्यांची वीतभर लांबीची छाट कलमे, शेंड्याची दोन-तीन पाने ठेवून, सावलीत ओलसर कोकोपीटमध्ये लावावीत. पुढील रोप मग विकत आणावे लागत नाही.